वाचून झालेलं पत्र

सांगली,
७ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप काकीस,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार.

नानासोकाका, आधी तुम्हाला रामराम. हे पत्र नेहमीप्रमाणे तुम्हीच काकीला वाचून दाखवणार, तेव्हा घसा खाकरून बसा. आज मजकूर जरा लांबलचक आहे.

काकी, मी होस्टेलवर बरा आहे. मेसची आमटी अजून पातळच आहे आणि माझी तब्येतही तिच्यासारखीच आहे, पण काळजी नको. दादांचं अंबाल्याहून पत्र आलं होतं. आईचा दमा कमी आहे म्हणतात. फौजेतली माणसं पत्रात सगळं 'कमी आहे' असंच लिहितात.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्हा विद्यार्थ्यांना रेल्वेत अर्धं तिकीट मिळतं. प्रिन्सिपॉलनी फॉर्मवर सही ठोकली की झालं. माझ्या खोलीत गुंडा म्हणून जतचा मुलगा आहे, मेंढरामागं हिंडून शिकलेला. त्याच्याकडं रेल्वेचं टाइमटेबल आहे आणि तो ते पोथीसारखं वाचतो. त्यानं शोधून काढलं की अर्ध्या तिकिटात रामेश्वरापर्यंत जाता येतं, आणि तिथून आठवड्यातून तीनदा सिलोनला बोट सुटते. तीन-साडेतीन तासांत पलीकडं. आता त्या देशाचं नाव श्रीलंका झालंय, पण आपल्या घरात ते सिलोनच राहणार.

मी काय म्हणतोय ते तुला कळलं असेल. नाथाजीकाकांचं शेवटचं पत्र तिथूनच आलं होतं. लढाई संपली त्या पावसाळ्यात. 'मी बरा आहे, इथं काम आहे, सुटी मिळाली की येतो' असं नानासोकाकांनी वाचून दाखवलेलं तू मला लहानपणी शंभरदा सांगितलंस. पुढं अठ्ठावीस वर्षं काही नाही. दादांनी फौजेत आपल्या भावाची चौकशी केली तर 'नोकरीतून मोकळे केले, पुढचा पत्ता ठाऊक नाही' एवढंच उत्तर आलं. बारा वर्षांनी सगळ्यांनी पिठाचा पुतळा करून जाळायचा आणि तुझं कुंकू पुसायचं ठरवलं, तेव्हा तू दारात आडवी झालीस. मी पाच-सहा वर्षांचा होतो. तुझा तो अवतार मला अजून आठवतो.

दिवाळीच्या सुटीत गुंडा आणि मी जाऊन येतो. काका असतील तर घेऊन येतो. नसतील तर तसं पक्कं कळेल. तू फक्त 'जा' म्हण.

तुझा,
मानसिंग

&nbsp;

उंब्रज,
१५ ऑक्टोबर १९७३

चिरंजीव मानसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मजकूर समजला. तुझ्या मनात चुलत्याविषयी माया आहे हे पाहून संतोष वाटला. परंतु दिवाळीच्या सुमारास तिकडील समुद्र खवळलेला असतो व बोटी बंद असतात, असे जाणकार सांगतात. शिवाय हे तुझे पदवीचे वर्ष आहे. अभ्यासाची हेळसांड करू नये. इतकी वर्षे गेली, त्यात आणखी सहा महिन्यांनी काय बिघडते? उन्हाळ्यात पाहू.

दिवाळीस घरी यावे. करंज्या केल्या आहेत. कळावे, लोभ असावा.

तुझी काकी,
रंगूबाई

सांगितले तसे लिहिले. – नानासो

&nbsp;

सांगली,
८ एप्रिल १९७४

तीर्थरूप काकीस,
साष्टांग नमस्कार.

परीक्षा संपली. पेपर बरे गेले, म्हणजे मला बरे वाटले. तपासणाऱ्याचं काय मत होतं ते जूनमध्ये कळेल. पासपोर्ट हातात पडला. फोटोत मी चोरासारखा दिसतो आणि गुंडा पोलिसासारखा. येत्या वीस तारखेला आम्ही मिरजेहून निघतो. दिवाळीला तू अडवलंस म्हणून थांबलो. आता थांबत नाही.

शिमग्याला आलो होतो तेव्हा निघताना तू देव्हाऱ्यातली ती शिवलेली थैली माझ्या पिशवीत सारलीस. 'वळखीला ने, त्येचं पत्र हाय,' म्हणालीस. ती नीट जपून ठेवली आहे. एवढ्या वर्षांचं हळदकुंकू लागून ती कातड्यासारखी कडक झाली आहे. काका भेटले तर पहिल्यांदा तीच त्यांच्या हातात देईन.

गुंडाच्या आईनं, हरणाबाईंनी, दहा दिवस टिकतील अशा कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीय. दुष्काळात जतची माणसं काय काय टिकवायला शिकली ते त्या भाकरी चावताना कळतं.

तुझा,
मानसिंग

&nbsp;

उंब्रज,
१३ एप्रिल १९७४

चि. मानसिंग यास नानासोचा आशीर्वाद.

हे पत्र माझे स्वतःचे आहे, वैनींनी सांगितलेले नाही. त्यांना याविषयी कळवू नये.

तू थैली नेलीस हे मला तुझ्या पत्रातूनच कळले. ती देवाची झालेली वस्तू आहे. त्या वेळी मीच वैनींना सांगून शिवून घेतली व देवापुढे ठेवविली. अशी वस्तू घराबाहेर नेऊ नये, आणि उघडणे तर फारच वाईट. उघडली तर ज्याची वाट पाहतो त्याच्याच जिवाला धोका, असे जुने लोक मानतात. तू शिकलेला आहेस, हसशील. परंतु काही गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत.

शक्य असेल तर निघण्यापूर्वी थैली रजिस्टर पोस्टाने माझ्या नावे पाठवून दे. तसाही त्यात काही नाही. मी स्वतः वाचलेले आहे. ख्यालीखुशालीचा मजकूर आहे.

आम्ही एका पलटणीत होतो. मला पंचेचाळीसच्या माघात घरी सोडले, तो मागे राहिला. माझेही मन लागलेले आहे. परंतु फार खोलात जाऊन कोणाचे भले होत नाही, हे माझ्या वयाला आल्यावर तुला कळेल.

नानासो

&nbsp;

रामेश्वर,
२४ एप्रिल १९७४

तीर्थरूप काकीस,
साष्टांग नमस्कार.

पोचलो. अंगावर कोळशाची एवढी पूड आहे की देवळातला पुजारीसुद्धा बाजूला सरकला. मिरजेहून बंगळूर, तिथून मद्रास, मद्रासात या स्टेशनावरून त्या स्टेशनावर डोक्यावर वळकट्या घेऊन पायी, आणि मग रामेश्वरची गाडी. परवापर्यंत ज्याला थर्ड क्लास म्हणत होते त्याला या महिन्यापासून सेकंड म्हणतात. बाकं तीच, ढेकूण तेच. बंगळुरापर्यंत गुंडाच्या कानडीनं आम्हाला बसायला जागा मिळवून दिली, पुढं त्याचीही बोलती बंद झाली. रात्री फलाटावर झोपायचं, सकाळी इंजिनाच्या पाण्याच्या नळाखाली आंघोळ. शेवटी गाडी समुद्रावरच्या पुलावरून जाते. खाली नुसतं पाणी. गुंडानं जन्मात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. 'जतला द्या की रं ह्यातलं थोडं,' म्हणाला आणि पूल संपेपर्यंत दारातून हलला नाही.

उद्या बोट आहे. इथल्या कचेरीत एक फॉर्म दिला. त्यात सिलोनातला राहण्याचा पत्ता लिहायचा आहे. पत्ता नसेल तर उतरू देत नाहीत. आम्हाला तिथं ओळखणारं कुत्रंही नाही. काकांच्या पत्रावर त्यांचा पत्ता असणार. नानासोकाका, तुम्ही बजावलं होतं ते लक्षात आहे, पण इलाज नाही. काकी, आज संध्याकाळी मी थैलीचा टाका उसवतोय. देवाची क्षमा मागून उसवतो.

तुझा,
मानसिंग

&nbsp;

रामेश्वर,
५ मे १९७४

तीर्थरूप काकीस,

नानासो, तुम्हाला आज रामराम नाही.

हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घे असं मी काकीला कळवू शकलो असतो. शेजारच्या धोंडुबाईंची नात आता सातवीत आहे, ती घडाघडा वाचेल. पण पहिलं पत्र तुम्ही वाचलं होतं, तेव्हा हेही तुम्हीच वाचा. एक ओळ गाळलीत तरी मला कळेल, कारण पंधरा जूनपर्यंत काकीचं उत्तर आलं नाही तर मी उंब्रजला येऊन ओसरीवर उभा राहून हे पत्र, थैलीतलं पत्र आणि तुमचं पत्र, तिन्ही मोठ्यानं वाचणार आहे.

काकी, थैलीतलं पत्र फौजेतल्या रोमनमध्ये आहे. म्हणजे अक्षरं इंग्रजी आणि बोली हिंदी. तेव्हा ते गावात नानासोंखेरीज कुणाला येत नव्हतं, म्हणून तू ते त्यांच्याकडं दिलंस. पुढं दादा फौजेत गेले, त्यांना आलं असतं. मला तर आठवीपासून आलं असतं. मी रोज त्या देव्हाऱ्यासमोर हात जोडत होतो. पण ते पत्र वाचून झालेलं होतं. वाचून झालेलं पत्र आपल्याकडं पुन्हा कोण वाचतं? तारेला टोचतात नाहीतर देवापुढं ठेवतात. ही चूक आपल्या सगळ्यांची आहे. खोटं मात्र एकाचंच आहे.

काकांनी लिहिलंय ते मराठीत सांगतो.

'नाना, हे तूच वाचणार म्हणून तुला लिहितो. तू गेल्यावर दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली तोडले. पाच महिने दवाखान्यात होतो. आता तलाईमन्नारच्या धक्क्यावर कॅन्टीनमध्ये बसून करायचं काम मिळालंय. रंगूला हे सगळं सांग आणि विचार, असा आलो तर चालेल का? ती ये म्हणाली तर लोळत येईन. नको म्हणाली तर माझा राग नाही. मग मी मेलो म्हणून सांगा आणि दुसरा नवरा बघून तिचा पाट लावून द्या, तिचं वय लहान आहे. पण आधी तिला विचार. रंगूला विचारून कळव.'

काकी, तुला विचारलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुला एक प्रश्न विचारला होता आणि तो तुझ्यापर्यंत आलाच नाही.

आता पुढचं. आम्ही तोच पत्ता फॉर्मवर घातला. बोट धक्क्याला लागली. धक्क्यावरच पत्र्याचं कॅन्टीन आहे. तिथं कंदय्या म्हणून एक माणूस चहा करत होता. मी काकांचं नाव घेतलं, तर त्यानं भांडं खाली ठेवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, 'सातारा?' मी हो म्हटलं. तो रडायलाच लागला.

काका यंदाच्या जानेवारीत गेले. तिकडच्या तमिळ लोकांचा पोंगल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या करीला. आदल्या दिवशी तू नवं लुगडं नेसून, वाण घेऊन देवळात ओवसायला गेली होतीस. ताप आला आणि तीन दिवसांत संपले. कंदय्यानंच अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली.

ते चाकाच्या फळीवर बसून चहा करायचे. दुसरं लग्न केलं नाही. हिंदुस्तानातून बोट आली की फळी ढकलत धक्क्याच्या टोकापर्यंत जायचे आणि उतरणाऱ्याला विचारायचे, कुठले? अलीकडं अर्ध्या तिकिटावर हिंडणारी कॉलेजची पोरं यायला लागली, त्यांना फुकट चहा द्यायचे. 'ही पोरं कुठूनही येतात, एखादं साताऱ्याचं येईल,' असं कंदय्याला म्हणायचे. मद्रासची आली, म्हैसूरची आली, कलकत्त्याचीही आली. मी गेलो तो एप्रिलात. दिवाळीत बोट चालू होती का, हे मी कंदय्याला विचारलं. चालू होती. काका तेव्हा ठणठणीत होते.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एकच कागद होता. नानासोंचं रोमनमधलं उत्तर, ऑक्टोबर पंचेचाळीसचं. 'रंगू बोलती है मत आना. उसका पाट हो गया.' दोनच वाक्यं. घड्यांवर फाटलेला आहे, एवढ्या वेळा उघडला असावा. तो सोबत आणलाय.

परतीच्या बोटीत चहाच्या मळ्यांतली शेकडो माणसं होती. दोन सरकारांच्या करारानं त्यांना हिंदुस्तानात धाडताहेत. भांडी, कोंबड्या, पोरं सगळं घेऊन. एक म्हातारी मला पुन्हापुन्हा काहीतरी विचारत होती. दुसऱ्यानं हिंदीत सांगितलं, ती विचारतेय, तिकडं आमचं कोण आहे?

काकी, आठ तारखेपासून रेल्वेचा संप आहे म्हणतात. कसं पोचू माहीत नाही. पोचलो तरी उंब्रजला येणार नाही, जतला गुंडाच्या घरी राहीन. ऑक्टोबरचं ते पत्र वाचून मी मुकाट बसलो. ती तुझी बोली नव्हती. 'संतोष वाटला' असं तू जन्मात कधी म्हणाली नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.

मानसिंग

&nbsp;

उंब्रज,
२ जून १९७४

मानसिंग बाळा, तुला माझा आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. संपात कुठं पडून ऱ्हायलं व्हतं कुणास ठावं. नानासोनं फोडलं, मनातल्या मनात वाचलं आन् परत घडी घातली. म्या म्हणलं, वाच की रं. त्यो म्हणला, वैनी, पोरगं खुशाल हाय, गाड्या बंद हायती म्हणून अडकलंय. म्या म्हणलं, येवढं जाड पत्र आन् नुसतं खुशाल? त्यानं परत कागद डोळ्याम्होरं धरला. मग म्हणला, वैनी, दार लोटून घ्या. आन् वाचलं. 'तुम्हाला आज रामराम नाही' हितनं सुरू केलं. सगळं वाचलं. म्या दुसऱ्यांदा वाचाय लावलं.

का केलंस म्हणून इचारलं. मग म्हणला, पलटणीतनं आलो तवा घरी कोण नव्हतं. बायको पटकीनं गेलेली. तुमी पत्र वाचाय बोलावलं, ओसरीवर घोंगडं टाकलं, च्या दिला. नाथाजी आला असता तर मला कोण बोलावतंय? म्या म्हणलं, येवढ्यासाठी? त्यो म्हणला, येवढ्यासाठीच.

आरं, माझ्यावर वाईट नजर ठेवली असती तर मला समजलं असतं. परवा त्याच्यावर चुलीतलं लाकूड उगारलं व्हतं म्या. आज त्याला परत बोलावलं. म्हणलं, बस, कागद घे. आज म्या सांगीन त्यातलं येक अक्षार हिकडं तिकडं करायचं न्हाई. 'नानासोनं माझा संसार खाल्ला' असं लिही. त्यानं लिवलं. वाचून दाव म्हणलं. त्यानं वाचलं. आता रडतोय, पर लिवतोय.

दिवाळीच्या टायमाला म्या जाऊ नगं म्हणलं नव्हतं. 'उद्याच्या उद्या जा म्हणावं पोराला' असं म्हणलं व्हतं. तू गेला न्हाईस तवा वाटलं परीक्षेपायी थांबलास, म्हणून म्होरं कदी इचारलं न्हाई. ही पन त्याचीच करणी. तवा तू सवताला खाऊ नगंस.

काल सांजचं कुकू पुसलं. बायका आल्या. धोंडुबाई म्हणली, आवं, अठ्ठावीस वर्सं फुकाट लावलंसा. म्या म्हणलं, फुकाट कसं? अठ्ठावीस वर्सं माझा नवरा जिता व्हता. समदी दुनिया मेला म्हणत व्हती, पुतळा जाळाय निघाली व्हती, तवा बी माझं कुकू खरं व्हतं. खोटं लावलं ते निस्तं संक्रांतीपासनं. तेवढं मातर मला लय लागलं. ओवसाय गेले त्या दिशी त्यो तापानं तळमळत व्हता आन् म्या वाण वाटत हिंडत व्हते.

दोन पाय नव्हतं तर काय झालं असतं रं? म्या त्याला पाठंगुळीला घेऊन शिवारात नेला असता. उसाचा भारा उचलतीया, नवरा उचलाया जड झाला असता व्हय? त्यानं इचारलं तरी. लोकांच्या बायकास्नी कुणी इचारीत न्हाई. त्यानं मला इचारलं, आन् माझ्या तोंडून नगं म्हणवलं दुसऱ्यानं. 'नगं' असं ऐकून मेला त्यो. ह्येचं काय करू?

तू जतला तोंड लपवून बसू नगंस. घरी ये. गुंडाला बी आण. ह्या घरात म्या कुणाला येऊ नगं म्हणलेलं न्हाई.

आन् आजचं लिवून झालं की नानासो ही पायरी पुन्हा चढणार न्हाई. धोंडुबाईची नात वाचंल माझी पत्रं. मलाबी ती अक्षरं शिकवती म्हणाली.

सोबत येक कार्ड हाय. त्या कंदय्याच्या पत्त्यावर धाड. तिकडं जायाला तिकीट लय लागत आसंल, ते तू लाव. त्याला वाचाय यावं म्हणून खाली तेच रोमनमदी लिव. त्याला म्हणावं, धक्क्याच्या टोकाला जाऊन वाचून दाव आन् समुद्रात सोड. इचारल्याचं उत्तर ऱ्हायलं व्हतं.

तुझी काकी,
रंगूबाई

सांगितले तसे लिहिले. एक अक्षर बदलले नाही. – नानासो

&nbsp;

(कार्ड)

तलाईमन्नार धक्का, कॅन्टीन.

तुमचं पत्र आज पोचलं.
या. हाय तसं या.

– रंगू